मंडईंतला ताप आणि घाटांतला ताप

(नभोवाणीवरील भाषण)

मोटारगाडीचें इंजिन तापलें म्हणजे मालक आधीं पाण्याला दोष देतो, मग मेस्त्रीला, आणि शेवटीं आपल्या नशिबाला. या तिघांपैकीं पहिला कधींकधीं खरोखर दोषी असतो. दुसरा क्वचित् असतो. तिसरें मात्र बिचारें जवळजवळ नेहमींच निर्दोष असतें. तापणें हा रोग नव्हे, तें रोगाचें लक्षण आहे. जाणता वैद्य अंग तापलेलें पाहून लगेच काढा उकळावयास सांगत नाहीं. ताप सकाळीं येतो कीं तिन्हीसांजेला, थंडी वाजून येतो कीं नुसता चढतो, हें तो आधीं विचारतो. गाडीच्या बाबतींतहि हाच क्रम योग्य होय. आणि ज्या गाडींत पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर अशीं दोन बिऱ्हाडें एकाच छपराखालीं नांदतात, त्या हायब्रिड गाडीच्या बाबतींत तर हा क्रम सोडून चालतच नाहीं. अशा गाडीचा ताप कसा ओळखावा, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विषयासाठीं मी आपणांस पुण्याच्या मंडईंत घेऊन जाणार आहें. शुक्रवार पेठेंतील ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ सालीं उघडली गेली. मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें तिला त्या वेळीं रे मार्केट म्हणत. आज ती महात्मा फुले मंडई या नांवानें सर्वांच्या ओळखीची आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून तिच्या शेजारीं भुयारी मेट्रोचें स्थानकहि झालें आहे. तरीसुद्धां भाजी घ्यावयास गाडी घेऊनच जाणारीं कुटुंबें पुण्यांत पुष्कळ आहेत. रविवारच्या सकाळीं मंडई व तुळशीबाग यांच्या आसपास गाडी चालवणें म्हणजे खरें पाहतां थांबणेंच होय. गाडी दोन हात पुढें सरकते आणि थांबते. समोरून कांद्याच्या पोत्यांची हातगाडी येते, म्हणून पुन्हां थांबते. पुढें वाहनतळाच्या चढावर रांग लागलेली असते, म्हणून आणखी थांबते. वैशाख महिना असतो, पारा चाळीस अंशांच्या दिशेनें निघालेला असतो, आणि नेमक्या अशा वेळीं चालकाच्या समोरच्या फलकावर तापमापकाच्या चित्राचा तांबडा दिवा लागतो. आपल्या विचाराला येथून आरंभ होतो.

प्रथम ही हायब्रिड गाडी म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. कल्पना नवी नाहीं. फर्डिनांड पोर्शे या तरुण यंत्रज्ञानें पेट्रोलचें इंजिन आणि विजेच्या मोटरी यांची सांगड घातलेली गाडी १९०० सालींच तयार केली होती. परंतु सामान्य कुटुंबास परवडेल अशा रूपांत ती यावयास शतक संपत आलें. टोयोटा कंपनीची प्रियस १९९७ मध्यें जपानांत निघाली आणि २०१० मध्यें आपल्याकडे आली. पुढें २०२२ सालीं होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या गाड्या हायब्रिड रूपांत बाजारांत आल्या, आणि मध्यम वर्गाच्या दारांत ही गाडी दिसूं लागली. हिला भिंतीवरील विजेची गरज नसते. उतारावर व गति कमी करतांना जी शक्ति एरव्हीं वायां जाते, ती ही बॅटरींत सांठवते, आणि गर्दींत सावकाश जातांना तीच वापरते. इंजिन लागेल तेव्हां आपोआप सुरू होतें आणि नको असेल तेव्हां आपोआप बंद होतें.

हा ‘आपोआप’ शब्द फार महत्त्वाचा आहे. जुन्या गाडीचे सारे व्यवहार इंजिनाच्या फिरण्याशीं बांधलेले असत. इंजिन फिरलें कीं पट्टा फिरे, आणि पट्ट्यानें पाण्याचा पंप फिरे. पाणी फिरत नसेल तर पट्टा तुटला आहे काय तें पाहावें, हा पूर्वीचा साधा नियम होता. अनेक हायब्रिड गाड्यांत हा पट्टाच उरलेला नाहीं. २००९ सालच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसपासून तिच्यांतील पाण्याचा पंप स्वतंत्र विजेच्या मोटरीवर चालूं लागला. म्हणून इंजिन धडधडत असतांना पंप मात्र मेलेला आहे, अशी स्थिति येथें संभवते. बाहेरून पाहणाराला दोन्ही वेळां सारखेंच दिसतें. दुसरी गोष्ट अशी कीं, पुष्कळ नव्या गाड्यांत तापमानाचा कांटाच नसतो. इंजिन थंड असेल तर निळा दिवा, अति तापलें तर तांबडा दिवा, आणि मधल्या सर्व अवस्थांत कांहींच नाहीं. ताप चढतांना दिसत नाहीं. तो चढल्यावरच कळतो.

आतां उष्णतेचा हिशोब पाहूं. जाळलेल्या पेट्रोलपैकीं चाकांपर्यंत जाण्याजोगी शक्ति उत्तम हायब्रिड इंजिनांतहि सुमारें ४० टक्केच निघते. उरलेली उष्णता कांहीं धुराड्यावाटे जाते आणि कांहीं इंजिनाच्या पोटांतून फिरणाऱ्या द्रवास दिली जाते. या द्रवास बाजारांत कुलंट म्हणतात. तो ८० ते ८५ अंशांपर्यंत तापेतोंवर थर्मोस्टॅट नांवाची एक झडप त्याला इंजिनांतच खेळवीत ठेवते. त्यापुढें ती उघडते, आणि द्रव पुढच्या जाळीदार रेडिएटरमध्यें जाऊन वाऱ्यानें निवतो. वारा कमी पडला तर विजेचा पंखा मदतीस येतो. म्हणजे गोष्टी पांच झाल्या: द्रव पुरेसा असणें, त्याला फिरवणारा पंप, त्याला वाट देणारी झडप, त्याला निववणारी जाळी, आणि जाळीला वारा घालणारा पंखा. ताप या पांचांपैकीं कोणा एकाच्या चुकीनें येतो. किंवा पांचहि निर्दोष असतील तर इंजिनच मर्यादेबाहेर उष्णता या द्रवांत ओतीत असतें. त्या शेवटच्या आणि सर्वांत वाईट प्रकाराकडे मी मागाहून वळेन.

तत्पूर्वी तांबडा दिवा लागल्यावर तत्क्षणीं काय करावें, तें सांगणें अवश्य आहे. कारण त्या वेळीं निदानापेक्षां बचाव महत्त्वाचा. वातानुकूलन बंद करावें. हीटर पूर्ण उष्णतेवर लावून कांचा उघडाव्या. वैशाखांत हीटर लावण्याचा सल्ला ऐकून आपणांस हसूं येईल. परंतु हीटर म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या द्रवावर चालणारा एक लहानसा रेडिएटरच आहे, आणि बाजूला जागा सांपडेपर्यंत तो इंजिनाची थोडी उष्णता आपल्या अंगावर घेतो. जागा मिळतांच गाडी थांबवून बटणानें ती पूर्णपणें बंद करावी. नुसतें इंजिन शांत झालें म्हणजे हायब्रिड गाडी बंद झाली असें नव्हे. ती जागीच असते, आणि बॉनेटखालीं आपला हात असतांना इंजिन वा पंखा अचानक सुरू होऊं शकतो. म्हणून किल्लीहि गाडीपासून दूर न्यावी. वाफ दिसत असेल तर ती ओसरेपर्यंत बॉनेटला हात लावूं नये. बॉनेटखालीं नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतात. त्यांतून शेंकडों व्होल्टची वीज खेळते. त्यांना कोणत्याहि कारणानें स्पर्श करूं नये.

आणि रेडिएटरचें झांकण! गरम असतांना तें उघडूं नये, हें सर्वांनीं ऐकलेलें असतें; पण तें कां, हें कळलें म्हणजे हात आपोआप मागें येतो. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे, आणि येथें उघड्या भांड्यांतलें साधें पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें. गाडींतील कुलंट मात्र घट्ट झांकणाखालीं हवेच्या सुमारें एक पट अधिक दाबांत कोंडलेलें असतें, म्हणून तें १०० अंश ओलांडूनहि द्रवच राहतें. झांकण फिरवतांच दाब क्षणांत नाहींसा होतो, आणि तेंच द्रव वाफ होऊन तोंडावर उसळतें. चेहरा व हात भाजण्यास एक क्षण पुरतो. निदान अर्धा-पाऊण तास वाट पाहावी. मंडईंत तेवढ्या वेळांत भाजी घेऊन होते. तापलेल्या इंजिनावर थंड पाण्याची बादली ओतणें हेंहि तितकेंच घातक आहे. धातु एकाएकीं आकसून तडकण्याची भीति असते.

हायब्रिड गाडींत एक फसवें समाधानहि असतें. इंजिन थोडें निवलें कीं दिवा विझतो, गाडी बॅटरीवर निःशब्द चालूं लागते, आणि चालकास वाटतें कीं विघ्न टळलें. परंतु बॅटरी लहान असते. तिच्या बळावर गाडी फार तर एक-दोन किलोमीटर जाते. त्यानंतर तेंच तापलेलें, कदाचित् कोरडें झालेलें इंजिन पुन्हां सुरू होतें. विझलेला दिवा म्हणजे उतरलेला ताप नव्हे. जुनी गाडी वाफ सोडून मालकाला रस्त्यांतच थांबवी. ही गाडी त्याला गोड बोलून आणखी थोडें पुढें नेते, आणि नुकसान त्या थोड्याशा अंतरांतच होतें.

आतां निदानाकडे वळूं. पहिला प्रश्न औषधाचा नव्हे, स्थळकाळाचा विचारावा: गाडी केव्हां तापते? मंडईंत तापते कीं कात्रजच्या घाटांत? या एका प्रश्नानें अर्धें निदान होतें. मंडईच्या गर्दींत इंजिनावर ओझें थोडें असतें, पण समोरून वारा नसतो. सारी भिस्त पंख्यावर असते. घाटांत वारा भरपूर असतो, पण बॅटरी लवकर रिती होऊन सगळें ओझें इंजिनावर पडतें. तेथें द्रवाचें प्रमाण, पंपाचा जोर आणि जाळीची स्वच्छता यांची परीक्षा होते. म्हणून मंडईंत तापणारी व घाटांत शांत राहणारी गाडी प्रथम पंख्याकडे बोट दाखवते. घाटांत तापणारी व मंडईंत शांत राहणारी गाडी द्रव, पंप, झडप अथवा जाळी यांच्याकडे. दोन्ही ठिकाणीं तापणाऱ्या गाडींत द्रव कमी झालें असावें किंवा पंप बंद पडला असावा, असा संशय घ्यावा.

माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांची गाडी उन्हाळ्यांत तीनदां तापली. एका दुकानांत त्यांना नवा रेडिएटर बसवून देण्यांत आला. पुन्हां तापली, तेव्हां दुसऱ्या दुकानांत थर्मोस्टॅट काढूनच टाकला. तरीहि ती तापली. शेवटीं नाना पेठेंतील एका वयस्क मेस्त्रीकडे ते गेले. मेस्त्रीनें बॉनेट उघडण्यापूर्वींच विचारलें, “काका, गाडी तापते कुठं? इकडं मंडईंत, का कात्रजच्या चढाला?”

“मंडईंत. घाटांत कधींच नाहीं तापली.”

“आणि गर्दींत थांबल्यावर एसी गार लागतो का?”

गृहस्थ थोडे विचारांत पडले. “चालत्या गाडींत चांगला गार लागतो. थांबलों कीं नुसता वारा येतो खरा. पण मेस्त्री, तक्रार इंजिनाची आहे, एसीची नाहीं.”

“एकच तक्रार आहे, काका,” मेस्त्री म्हणाला.

त्यानें गाडी चालू करून वातानुकूलन लावलें आणि कान दिला. पंखा फिरावयास हवा होता. तो फिरला नाहीं. पंख्याला थेट बॅटरीची वीज देतांच तो भिरभिरूं लागला. म्हणजे पंखा शाबूत होता. दोष होता पंख्याला वीज पोंचवणाऱ्या रिलेमध्यें. वातानुकूलनाची जाळी आणि इंजिनाचा रेडिएटर एकामागें एक बसवलेले असतात व दोहोंना तोच पंखा वारा घालतो, म्हणून गर्दींत दोन्ही एकदम बिघडत होतीं. काड्यापेटीपेक्षांहि लहान अशा त्या वस्तूची किंमत कांहींशें रुपये होती. तत्पूर्वी झालेला खर्च मात्र हजारांच्या घरांत गेला होता. मेस्त्रीनें थर्मोस्टॅटहि पुन्हां जागच्या जागीं बसवला.

हा थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय आपल्याकडे फार रूढ आहे, म्हणून त्याविषयीं दोन शब्द बोलतों. झडप अडकून बंद राहिली तर इंजिन तापतें हें खरें. पण उपाय झडप बदलणें हा आहे, झडप नाहींशी करणें हा नव्हे. हायब्रिड इंजिन पुरेसें ऊन झाल्याखेरीज आपोआप बंद होत नाहीं. झडपेवांचून तें थंडच राहतें, सिग्नलला बंद होण्याऐवजीं चालतच राहतें, आणि ज्या पेट्रोलच्या बचतीसाठीं ही गाडी घेतली ती बचतच नाहींशी होते. गाडीच्या संगणकांत मग पी०१२८ असा संकेत उमटतो. ‘इंजिन योग्य तापमानास पोंचत नाहीं’ असा त्याचा अर्थ. तापाची तक्रार घेऊन गेलेला रोगी थंडीची तक्रार घेऊन परततो!

दुसरा प्रश्न: द्रव कोठें गेलें? गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळीं टाकींतील पातळी पाहावी. टाकीवर दोन रेघा असतात. पातळी त्यांच्या मध्यें हवी. ती वारंवार खालीं जात असेल तर गळती आहे. कारण हें द्रव नळ्यांतून बंदिस्त फिरतें, पेट्रोलाप्रमाणें खर्च होत नाहीं. नळ्यांचे सांधे, रेडिएटरचे कोपरे आणि पंपाची खालची बाजू पाहावी. वाळलेल्या कुलंटाचा गुलाबी वा हिरवट डाग गळतीची जागा दाखवतो. डाग न दिसल्यास मेस्त्री झांकणाच्या जागीं एक हातपंप बसवून ठराविक दाब देतो, आणि दहा-पंधरा मिनिटें कांटा पाहतो. कांटा उतरला तर गळती आहे, मग ती दिसो वा न दिसो. झांकणाचाहि दाब पाहावा. स्वस्त वस्तु म्हणून तें दुर्लक्षिलें जातें, पण त्याचें रबर सैल झालें कीं दाब टिकत नाहीं आणि द्रव लवकर उकळतें.

तिसरा प्रश्न: द्रव फिरतें आहे काय? येथें हीटर पुन्हां कामास येतो. बहुतेक हायब्रिड गाड्यांचा हीटर इंजिनाच्या उष्णतेवरच चालतो. फलकावर तांबडा दिवा, आणि हीटरमधून मात्र गार वारा, असा विरोध दिसला तर तापलेलें द्रव हीटरपर्यंत पोंचत नाहीं हें उघड झालें. मग एक तर तें कमी झालें आहे, किंवा पंप मेला आहे, किंवा नळ्यांत हवा कोंडली आहे. हवेची शक्यता विशेषतः अलीकडे कुलंट बदललें असेल तर ध्यानांत घ्यावी. विजेचा पंप असलेल्या गाडींत द्रव भरल्यावर पंप ठराविक रीतीनें चालवून सारी हवा बाहेर काढावी लागते. ती रीत न पाळतां नुसती टाकी भरली, तर हवेचा बुडबुडा इंजिनाच्या माथ्यावर बसून राहतो, आणि टाकी भरलेली असूनहि इंजिन तापतें.

पंपाची परीक्षा कानानें वा डोळ्यानें होत नाहीं. येथें संगणकाची साक्ष काढावी लागते. चालकाच्या पायांच्या वर, सुकाणूखालीं एक खांच असते. तिच्यांत एक छोटें उपकरण जोडलें कीं इंजिनाचें तापमान अंशांत दिसूं लागतें. आणि मेस्त्रीजवळ त्या कंपनीचें योग्य साधन असेल तर पंपाचा वेग आणि पंख्याला दिलेली आज्ञा हींहि वाचतां येतात. आज्ञा दिली गेली आहे पण पंप फिरत नाहीं, असें दिसलें तर पंप, त्याची तार वा फ्यूज दोषी. आज्ञाच दिली गेली नसेल तर तापमान सांगणारा सेन्सर खोटें बोलत असावा. इंजिन अति तापल्याचा संकेत पी०२१७ असा आहे. पण संकेत म्हणजे निकाल नव्हे, ती फिर्याद आहे. चौकशी माणसानेंच करावयाची असते.

कित्येकदां तापलेलें असतें तें इंजिन नव्हेच. हायब्रिड गाडींत निववण्याच्या व्यवस्था एकाहून अधिक असतात. इंजिनाची एक, बॅटरीच्या विजेचें रूप बदलणाऱ्या इन्व्हर्टरची दुसरी, तिची टाकी निराळी आणि पंपहि निराळा, आणि बॅटरीची तिसरी, जी पुष्कळ गाड्यांत केवळ हवेवर चालते. इन्व्हर्टरचा पंप बंद पडला कीं पी०ए९३ हा संकेत येतो व गाडीची शक्ति घटते, पण इंजिनाचा रेडिएटर तपासून कांहींच सांपडत नाहीं. दुसऱ्या पिढीच्या प्रियस गाड्यांतील अशा पंपासाठीं टोयोटानें २०१२ सालीं गाड्या परत बोलावल्या होत्या. म्हणून द्रवाची पातळी पाहतांना दोन्ही टाक्या पाहाव्या. आणि बॅटरीच्या हवेची जाळी? ती बहुधा मागच्या आसनाच्या बाजूस किंवा खालीं असते. मंडईंतून परततांना गृहिणी नेमकी तिच्यापुढेंच कोथिंबिरीची जुडी आणि बटाट्यांची पिशवी टेकवून ठेवतात! आंत धूळ व कांद्याचीं सालें ओढलीं जातात, बॅटरी गुदमरते, आणि गाडी मंदावते. ही जाळी मोकळी ठेवणें व वेळोवेळीं स्वच्छ करणें यास कांहींच खर्च नाहीं.

आतां त्या वाईट प्रकाराविषयीं सांगतों. इंजिनाचा खालचा ठोकळा व वरचें ॲल्युमिनियमचें सिलिंडर हेड यांच्यामध्यें एक पातळ पत्रा असतो; त्यास हेड गॅस्केट म्हणतात. जळत्या वायूला व फिरत्या द्रवाला वेगवेगळें ठेवणें हें त्याचें काम. इंजिन एकदां जरी प्रमाणाबाहेर तापलें तरी ॲल्युमिनियम वांकूं शकतें आणि हा बांध फुटतो. मग जळता वायु द्रवांत शिरून टाकींत बुडबुडे आणतो. आणि रात्रीं थेंब थेंब द्रव सिलिंडरमध्यें उतरतें. सकाळीं पहिल्यांदा सुरू होतांना इंजिन खडखड करीत हादरतें, क्षणभर पांढरा गोडसर वासाचा धूर येतो, आणि मिनिटाभरांत सारें शांत होतें. बाहेर गळतीचा मागमूस नसतां पातळी मात्र घटत जाते. तिसऱ्या पिढीच्या प्रियस गाड्यांत हा विकार मेस्त्रीमंडळींच्या विशेष परिचयाचा झाला. धुराचा कांहीं भाग निववून पुन्हां इंजिनांत घेण्याचा जो मार्ग असतो, तो काजळीनें बुजण्याशीं त्याचा संबंध अनेक जाणते लावतात. याची परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तोंडावर निळ्या औषधाची एक नळी धरून तींतून आंतली हवा ओढतात. जळलेला वायु द्रवांत असेल तर निळा रंग पिवळा होतो. एवढी परीक्षा केल्याखेरीज इंजिन उघडण्यास कोणी सांगितलें तर संमति देऊं नये; आणि ती परीक्षा खरी ठरल्यावर, ‘आणखी महिनाभर चालवून पाहूं’ असेंहि म्हणूं नये. सकाळच्या हादऱ्याकडे केलेलें महिनाभराचें दुर्लक्ष पुष्कळदां संपूर्ण इंजिनाची किंमत घेतें.

शेवटीं पथ्याविषयीं बोलतों. विहिरीचें अथवा विंधनविहिरीचें पाणी रेडिएटरमध्यें घालूं नये. त्यांतील क्षार आंतल्या बारीक वाटांवर थर धरतात, जसे चहाच्या किटलींत धरतात. पुण्यांत पाणी गोठण्याची भीति नाहीं, मग कुलंट कशाला, असें कांहीं जण म्हणतात. पण कुलंट गोठणें टाळतें तसेंच गंजणेंहि टाळतें, आणि उकळण्याचा बिंदुहि वर नेतें. कंपनीनें सांगितलेल्या जातीचेंच तें घालावें व दोन जातींची भेळ करूं नये. अडचणींत साधें स्वच्छ पाणी घालून घर गांठण्यास हरकत नाहीं, मात्र इंजिन निवल्यावरच, आणि पुढें तें काढून योग्य कुलंट भरून घ्यावें. रेडिएटर व त्याच्या पुढची जाळी यांच्यामध्यें जी धूळ आणि कीटक सांचतात, ते वर्षांतून एकदां काढून घ्यावे. बाहेरून चकचकीत दिसणारी जाळी आंतून लिंपलेली असूं शकते.

या सर्वांसाठीं फार यंत्रज्ञान लागत नाहीं. लागते ती नोंद करण्याची सवय. गाडींत एक लहान वही ठेवावी. दिवा कोणत्या दिवशीं लागला, कोठें लागला, गाडी चालत होती कीं थांबलेली, वातानुकूलन चालू होतें कीं बंद, हीटर गरम होता कीं गार, दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन्ही टाक्यांची पातळी काय होती, एवढेंच लिहावें. ही वही मेस्त्रीच्या हातीं द्यावी, आणि तो एखादी वस्तु बदलावयास सांगेल तेव्हां शांतपणें एवढेंच विचारावें कीं, “मेस्त्री, हीच वस्तु बिघडली आहे हें कशावरून ठरवलें?” चांगल्या मेस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाहीं, उलट आपलें काम समजणारा मालक भेटला म्हणून त्याला आनंदच होतो. ज्याला राग येतो, त्याच्या दुकानांतून गाडी बाहेर काढण्यास तेवढें कारण पुरेसें समजावें.

श्रोतेहो, मध्यम स्थितींतील कुटुंबाची घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी बहुधा गाडीच असते, आणि तिच्या मागच्या आसनावर घरांतील वृद्ध माणसें व मुलें बसलेलीं असतात. तिचा तांबडा दिवा पाहून घाबरूं नये, आणि तो विझलेला पाहून निश्चिंतहि होऊं नये. ताप कोठें येतो, केव्हां येतो, हें आधीं पाहावें, औषध त्यानंतर. माझी वेळ संपत आली आहे. नमस्कार.